उतरत्या पावलांसाठी जिना

घरातला लाकडी जिना उजळायचा ठरला की पहिली चर्चा रंगछटेची होते. सागवानी ठेवायचा की अक्रोडी, चमक किती हवी, दिवाणखान्यातल्या सोफ्याशी जुळेल का. मग पॉलिशवाला कपाटाच्या दारावर जे करतो तेच पायऱ्यांवरही करून देतो आणि जिना आरशासारखा दिसू लागतो. घरात साठीपुढची माणसं राहत असतील तर ही पद्धत धोक्याची आहे. पायरी हे फर्निचर नव्हे. तिच्यावर काय लावायचं हे तिच्यावर पडणाऱ्या पायाने आणि ती शोधणाऱ्या डोळ्याने ठरवायला हवं. सोफ्याचा विचार त्यानंतर.

उघड्या लाकडाचे जिने आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. पुण्यातल्या उरल्यासुरल्या वाड्यांत, गिरगावातल्या जुन्या चाळींत, कोकणातल्या माडीच्या घरांत आणि गोव्यातल्या पोर्तुगीजकालीन घरांत ते दिसतात. अलीकडे जुन्या ऑइलपेंटचे थर काढून खालचं सागवान मोकळं करण्याची हौस वाढली आहे. परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांच्या वाट्यालाही असा जिना येतो, कारण तिथल्या घरांत पायऱ्यांवरचा गालिचा काढून खालचं लाकूड उघडं करतात. आयुष्यभर अनवाणी वावरलेली माणसं तिथल्या थंडीत मोजे घालून त्याच पायऱ्या उतरतात. गुळगुळीत लाकूड आणि सुती मोजा ही फार निसरडी जोडी आहे.

जिन्यावरचे गंभीर अपघात बहुतेक करून उतरताना होतात. चढताना पाय घसरला तर माणूस पुढे झुकतो आणि समोरच्या पायऱ्या जवळच असतात. उतरताना मात्र सगळा भार खालच्या पायरीवर टेकणाऱ्या एका चवड्यावर येतो आणि तो चवडा कडेच्या अगदी जवळ पडतो. पायरी अरुंद असली तर पाऊल कडेबाहेर डोकावतं. म्हणून पायरीचा पुढचा दोन-तीन इंचांचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा. नेमका तोच सर्वांत जास्त झिजतो, गोल होतो आणि पॉलिश केल्यावर चकाकतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरातली पायरी किमान २५० मिलिमीटर खोल आणि जास्तीत जास्त १९० मिलिमीटर उंच असावी. माडीच्या अनेक जुन्या जिन्यांना हे माप लावलं तर एकही पायरी त्यात बसत नाही.

मापांचा दुसरा भाग पॉलिशवाल्याच्या नजरेतून हमखास सुटतो. सगळ्या पायऱ्यांची उंची सारखी हवी. आपले पाय पहिल्या दोन पायऱ्यांवर माप घेतात आणि पुढे न बघता तेच माप चालवतात. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ३६व्या रस्त्यावरच्या भुयारी रेल्वे स्थानकात एक पायरी इतरांपेक्षा सुमारे अर्धा इंच उंच होती. २०१२ साली एकाने तिथे कॅमेरा लावला, तेव्हा एकामागून एक माणसं त्याच पायरीला ठेचकाळताना दिसली. आपल्या घरांत हा दोष फरशीवाले करून जातात. जुन्या कोब्यावर किंवा शहाबादीवर नव्या टाइल्स बसल्या की तळमजला इंच-सव्वा इंच वर येतो आणि जिन्याची सर्वांत खालची पायरी तेवढी बुटकी होते. उतरणारा वृद्ध माणूस शेवटचं पाऊल नेहमीच्या मापाने टाकतो आणि जमीन अपेक्षेआधीच पायाला लागते. तेव्हा लाकडाला हात लावण्याआधी मीटरपट्टी घेऊन प्रत्येक पायरी मोजावी. फरक असेल तर सुताराला बोलवावं. पॉलिशचे कितीही हात मारले तरी हा दोष झाकत नाही.

आता डोळ्यांकडे वळू. वय वाढतं तशी बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडतं. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीतल्या डोळ्याला मिळतो. त्या डोळ्याला तपकिरी पायरीची तपकिरी कड खालच्या तपकिरी पायरीपासून वेगळी काढणं अवघड जातं, आणि वर खिडकीचा उजेड चकचकीत पॉलिशवर पडला की कड पुसलीच जाते. त्यात चष्मा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगाचा खालचा भाग वाचनाच्या अंतरासाठी असतो, त्यामुळे खाली पाहिलं की पायरी धूसर दिसते. सिडनीतल्या संशोधकांनी २००२ साली असे चष्मे वापरणाऱ्या वृद्धांची पाहणी केली. त्यांची खोली आणि कडा ओळखण्याची क्षमता नजरेच्या खालच्या भागात कमी पडत होती आणि त्यांच्या पडण्याचं प्रमाण जास्त होतं. पायऱ्यांसाठी फक्त लांबच्या नंबरचा एक साधा चष्मा असावा का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारावं.

कड दिसण्यासाठी प्रत्येक पायरीच्या पुढच्या टोकाला साधारण पाच सेंटिमीटर रुंदीचा वेगळ्या छटेचा पट्टा द्यावा. तो कडेपासूनच सुरू व्हायला हवा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगांत पट्ट्याची जागा बदलली तशी लोकांची पावलं बदलली. पट्टा कडेला भिडलेला असला तर पाऊल कड सुरक्षित अंतराने ओलांडतं. तो थोडा मागे सरकलेला असला तर डोळा पट्ट्यालाच कड समजतो आणि पाय चुकतो. अनेक घरांत चिकटपट्टी नेमकी अशीच, कडेपासून दोन बोटं आत लावलेली असते. पट्ट्याचा रंग कोणता घ्यावा हे ठरवायला मोबाइल पुरेसा आहे. संध्याकाळच्या उजेडात वरच्या पायरीवरून खाली बघत जिन्याचा फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करावा. पट्टे त्या फोटोत स्पष्ट उठून दिसले पाहिजेत. लाल-तपकिरी किंवा हिरवा-तपकिरी अशा जोड्या रंगीत फोटोत छान वाटतात, पण कृष्णधवल फोटोत एकमेकींत मिसळून जातात, आणि वृद्ध डोळ्याला उपयोगी पडतो तो उजेड-काळोखातलाच फरक. गडद सागवानावर फिकट बदामी किंवा हस्तिदंती पट्टा चालतो. पायऱ्यांवर नक्षी, ठिपके किंवा फुलाफुलांचा गालिचा मात्र नको, त्यात कड हरवते.

लाकूड तयार करायचं काम पॉलिशपेक्षा मोठं आहे, आणि घाई इथेच होते. सैल फळ्या आधी स्क्रूने आवळून घ्याव्यात. वर आलेले खिळे ठोकावेत, गालिचा काढला असेल तर उरलेल्या पिना एकेक उपटाव्यात. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला पिनेची किंवा लाकडाच्या सलीची जखम कळतसुद्धा नाही आणि चिघळल्यावरच लक्षात येते. उघड्या पायऱ्यांना काहीतरी लावायला हवं याचं हे एक खरं कारण आहे. कोरं घासलेलं लाकूड पायाला चांगली पकड देतं, पण ते तेल, पाणी, मळ पिऊन घेतं, त्याचे तंतू उठतात आणि सली निघतात.

जिन्यावर पूर्वी रंग असेल तर तो काढताना काळजी दुप्पट घ्यावी. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाले. त्याआधीच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं असंच धरून चालावं. असा रंग कोरडा घासू नये आणि ब्लोटॉर्चने जाळूही नये. पाणी मारत ओला घासावा, नाकावर एन-९५ दर्जाचा मास्क असावा, धूळ ओल्या फडक्याने टिपावी. नातवंडं घरात असतील तर त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे पाठवावं.

घासणीसाठी ८० नंबरचा पॉलिश पेपर आणि शेवटी १२०चा, कधी फार तर १५०चा. कपाटासाठी २२० किंवा ३२०पर्यंत जातात, पायरीवर तसं करू नये. अति गुळगुळीत केलेल्या लाकडावर लेप धरत नाही आणि पायही धरत नाही. झिजून गोल झालेली कड लांबीने भरून चालत नाही, ती काही महिन्यांत ढलप्यांनी निघते. तिथे सुताराने कड कापून त्याच जातीच्या लाकडाची पट्टी बसवावी. सागवानाची आणखी एक गोष्ट. त्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात आणि ती काही लेपांना सुकू देत नाहीत. लेप लावण्याआधी थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने लाकूड पुसून लगेच पहिला हात मारला तर तो नीट धरतो.

कोणता लेप? आपल्याकडे सर्वांत रुळलेलं म्हणजे चपड्याचं फ्रेंच पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने केलेलं हे काम डोळ्यांना फार सुंदर दिसतं, आणि कठड्यावर मी ते आनंदाने सुचवेन. पायरीवर मात्र नाही. ते पाण्याने पांढरं पडतं, लवकर झिजतं आणि झिजेपर्यंत निसरडं राहतं. नुसतं मेण तर पायरीवर कधीच नको. फर्निचर चमकवायचे सिलिकोनयुक्त फवारेही नकोत. त्यांची पुटं पुढच्या कुठल्याही लेपाला धरू देत नाहीत.

मेलामाइन स्वस्त आहे, कठीण आहे आणि पॉलिशवाल्यांच्या हातात बसलेलं आहे. पण आम्लाच्या साहाय्याने सुकणाऱ्या मेलामाइनमधून सुकताना फॉर्माल्डिहाइड बाहेर पडतो. दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असलेली व्यक्ती ज्या घरात झोपते तिथे ते वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दोन घटकांच्या पीयूमध्ये, म्हणजे पॉलियुरेथेनमध्ये, आयसोसायनेट असतं. तेही श्वासातून घातक असल्यामुळे काम करणाऱ्याला योग्य मास्क आणि घरातल्यांना बाहेर मुक्काम, अशी दोन्हींची सोय हवी. पाण्यात मिसळणाऱ्या पीयूचा वास सौम्य असतो आणि एकेक हात काही तासांत सुकतो. वृद्ध राहत असलेल्या घरासाठी, मॅट किंवा सॅटिन फिनिशचं पाण्याचं पीयू ही माझी पहिली पसंती. तेल आणि मेण एकत्र असलेले कडक सुकणारे लेपही चांगले, कारण झिजलेला तुकडा तेवढाच पुन्हा लावता येतो. जवसाचं कच्चं तेल मात्र आठवडे आठवडे चिकट राहतं. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात आणि गोव्यात लाकूड टिकवायला वापरतात, पण ते कच्चं असताना कातडी भाजतं. अनवाणी चालायच्या पायरीवर त्याचं काम नाही.

मॅट म्हणजे घसरणार नाही, असा एक समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. मॅट लेप चमकत नाही एवढंच, आणि ते डोळ्यांसाठी उपयोगाचं आहे. पण ओल्या पायरीवर पाय आणि लेप यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि पाय त्या थरावर तरंगतो. तो थर फोडायला पृष्ठभागावर सूक्ष्म टोकं लागतात. ब्रिटनमधल्या सुरक्षा यंत्रणेच्या मार्गदर्शनानुसार साध्या पाण्यासाठी हा खडबडीतपणा २० मायक्रॉनच्या आसपास किंवा जास्त हवा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे प्रश्न किती बारीक आहे ते कळेल. निसरडेपणा मोजायला तिथे लोलकाची चाचणी वापरतात. रबर लावलेला लोलक फरशीला घासत झुलतो आणि तो किती वर जातो यावरून घर्षण कळतं. मूळ उपकरण १९४०च्या दशकात अमेरिकेत पर्सी सिगलर यांनी बनवलं, पुढे ब्रिटिश रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ते रस्त्यांसाठी सुधारलं. ओल्या पृष्ठभागावर ३६ किंवा त्याहून अधिक वाचन आलं तर घसरण्याचा धोका कमी मानतात, २४ किंवा त्याखाली आलं तर जास्त. अनवाणी पायांच्या जागांसाठी त्यात वेगळं, मऊ रबर लावतात. पीयू विकत घेताना ओल्या पृष्ठभागाचं हे वाचन दुकानदाराला जरूर विचारावं. निदान प्रश्न तरी रुळेल.

ही सूक्ष्म टोकं आणण्यासाठी शेवटच्या हातात अँटी-स्किड पावडर मिसळतात. बाजारात दोन तऱ्हा मिळतात. ॲल्युमिनियम ऑक्साइडची पावडर कठीण आणि टोकदार, प्लास्टिकच्या बारीक मण्यांची पावडर मऊ. बुटांनी चालायच्या कारखान्यात पहिली योग्य. आपल्या घरांत माणसं अनवाणी चालतात, सत्तरीनंतर तळव्याची कातडी पातळ होते, म्हणून मी बारीक मण्यांचीच पावडर वापरायला सांगेन. पावडर जड असेल तर डब्याच्या तळाशी बसते. पॉलिशवाला ढवळत राहिला नाही तर वरच्या पायऱ्या गुळगुळीत आणि खालच्या पॉलिश पेपरसारख्या होतात. ती पायरीच्या आडव्या फळीवरच लावायची, उभ्या फळीवर तिचं काही काम नाही. कडेचा रंगीत पट्टाही त्याच लेपाखाली घेता येतो. मास्किंग टेप लावून पट्टा रंगवावा आणि शेवटचा हात पूर्ण पायरीवर एकसारखा द्यावा. चिकटपट्टी वापरायचीच असेल तर कोपरे गोल कापून, पूर्ण सुकलेल्या लेपावर आणि दाबून बसवावी. कोकणच्या दमट हवेत तिचं टोक सुटतं आणि सुटलेलं टोक बोटात अडकतं. तसं दिसलं की त्याच दिवशी पट्टी काढावी. अधिक टिकाऊ उपाय म्हणजे सुताराकडून कडेजवळ खाच पाडून त्यात रबराची पट्टी पायरीच्या पातळीत बसवणं.

सगळ्या जिन्यावर काम करण्याआधी त्याच लाकडाची दीड-दोन फुटांची फळी घेऊन तिच्यावर संपूर्ण क्रिया करून बघावी. सुकल्यावर ती जमिनीवर घट्ट टेकवून आधी घरातल्या तरुण माणसाने भिंतीला धरून कोरड्या पायाने, मग ओल्या पायाने, मग मोजे घालून पाय सरकवून पाहावा. त्यानंतर आजी-आजोबांना खुर्चीत बसवून तळव्याने फळी चाचपायला द्यावी. टोचते का, हे त्यांनीच सांगायचं.

काम चालू असताना घर कसं चालवायचं हा प्रश्न लेपाइतकाच महत्त्वाचा आहे. एक पायरी सोडून एक रंगवायची आणि सुकलेल्या पायऱ्यांवरून ये-जा करायची, ही युक्ती सगळीकडे सुचवली जाते. तरुणांच्या घरात ती चालेल. वृद्धांच्या घरात ती मुळीच करू नये. दुप्पट उंचीची पायरी, सुकलेली कोणती आणि ओली कोणती याची आठवण आणि रात्री बाथरूमला जायची घाई, हे तिन्ही एकत्र येतात. त्यापेक्षा काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांचं अंथरूण, औषधं, चष्मा आणि काठी खाली आणावी आणि लेप पूर्ण कडक होईपर्यंत ती खालीच ठेवावी. पाण्याचं पीयू काही तासांत कोरडं वाटतं, पण पुरतं कडक व्हायला त्याला अनेक दिवस लागतात. डब्यावरचा कालावधी पाळावा. महिना निवडताना पावसाळा टाळावा. दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, लेप सावकाश सुकतो आणि मेलामाइन किंवा लॅकरवर पांढरी झाक येते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले.

तेलाचा लेप वापरला असेल तर चिंध्यांबाबत कडक शिस्त हवी. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं आणि त्यात उष्णता निर्माण होते. गोळा करून फेकलेल्या चिंध्यांतून ती उष्णता बाहेर पडत नाही, साठत जाते आणि काडी न लावताही कापड पेट घेतं. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीला आग लागली ती लाकडी पॅनेलिंग उजळवणाऱ्या कामगारांनी २२व्या मजल्यावर ठेवलेल्या अशाच चिंध्यांमुळे. त्या आगीत तीन अग्निशामक जवानांनी प्राण गमावले. चिंध्या घराबाहेर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावं. जिन्याखालच्या खणात तर त्या कधीही ठेवू नयेत. जिन्याखाली लागलेली आग वरच्या मजल्यावरच्या माणसांची वाटच बंद करते.

कठड्याला लेप वेगळा. तिथे खडबडीतपणा नको, पण घाम आलेल्या हाताला तो चिकटही लागू नये. मुठीत मावणारा, साधारण चार सेंटिमीटर व्यासाचा गोल दांडा सर्वांत चांगला. वाड्यांतले रुंद, सपाट कठडे दिसायला भारदस्त असतात, पण घसरणाऱ्या हाताला ते पकडता येत नाहीत. अशा कठड्याला हात न लावता समोरच्या भिंतीवर गोल दांडा बसवावा, म्हणजे दोन्ही हातांना आधार मिळतो. हा दांडा शेवटच्या पायरीपुढे साधारण फूटभर न्यावा. जिना संपला हे हाताला पायाआधी कळतं. दिव्याचं बटण वर आणि खाली दोन्हीकडे हवं, आणि दिवा असा असावा की त्याची तिरीप उतरणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही.

पुढची देखभाल साधी आहे, पण मोलकरणीलाही ती समजावून सांगावी लागते. पायऱ्यांवर पाण्याची बादली ओतू नये. घट्ट पिळलेल्या फडक्याने, वरून खाली, आणि वृद्ध झोपलेले किंवा बाहेर असताना पुसावं. फिनाइल किंवा साबण जास्त झाला तर त्याची पुटं खडबडीत टोकांच्या मधल्या जागा भरतात आणि पावडरीचा उपयोग नाहीसा होतो. पायरीच्या मध्यावर, जिथे पावलं रोज पडतात, तिथे बोटांनी चाचपत राहावं. टोकं गुळगुळीत लागली की पट्टा दिसत असला तरी पुन्हा एक हात द्यायची वेळ झालेली असते.

काही जिन्यांना लेपाने सुरक्षित करता येत नाही. कोकणातल्या जुन्या माडीवर जाणारा जिना जवळजवळ शिडीइतका उभा असतो. पायरीवर अर्धंच पाऊल मावतं आणि वरून टांगलेल्या दोराला धरून माणसं जिन्याकडे तोंड करून उतरतात. जवान माणसाला ते अंगवळणी पडतं. सत्तरीतल्या गुडघ्यांना पडत नाही. त्या जिन्यावर सली निघू नयेत इतपत लेप द्यावा, कडेला पट्टा द्यावा, दोर नवा बांधावा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची खोली खाली हलवावी. देव वर माडीवर असतील तर देवघरही खाली आणावं, म्हणजे रोज पहाटे पूजेसाठी कुणाला तो जिना चढावा लागणार नाही.